पातं कुणासाठी उचललंस?

"काखेत ठेवा."

लिनियाने चमकून मागे पाहिलं. भर दुपारी, पार्किंगच्या मधोमध, अनोळखी माणसाने असं काही सांगावं याची तिला सवय नव्हती.

"फोन हो," तो घाईघाईने म्हणाला. "फोन काखेत ठेवा, कोटाच्या आतून. दोन मिनिटांत जिवंत होतो. माझा तर हिवाळाभर तिथेच मुक्काम."

तिने हातातल्या मेलेल्या फोनकडे पाहिलं. आत्ता या क्षणापर्यंत त्यात चाळीस टक्के बॅटरी होती, आणि हिरव्या दुकानाच्या ऑफरचा फोटो होता. तोच फोटो नारंगी दुकानात दाखवून घासाघीस करायची होती. पण हॅनकॉक गावातल्या फेब्रुवारीला कुणाच्या बॅटरीची पर्वा नसते. सुपीरियर सरोवरावरून सुटलेला वारा असा झोंबत होता, की जुना फोन बिचारा मुकाट्याने डोळे मिटून बसला होता.

तिने कोटाची चेन खाली ओढली आणि फोन काखेत दाबून धरला. तोही तसाच उभा, एक कोपर अंगाशी घट्ट. खुराड्याबाहेर राहिलेल्या दोन कोंबड्यांसारखे ते समोरासमोर उभे होते. आधी तिला हसू आलं, मग त्याला. त्याच्या भुवयांवर बर्फाचा चुरा साचला होता आणि हसताना तो गालांवर सांडला. हे तिच्या जरा जास्तच लक्षात राहिलं.

"तुम्ही हिरव्यातून नारंगीत चाललाय," तो म्हणाला. "मघाशी नारंगीतून हिरव्यात गेलात. त्याआधीही एकदा."

"मोजत होतात?"

"गाडी गरम होईपर्यंत दुसरं करणार काय?"

त्या दोन्ही फोन कंपन्यांची नावं गावात कुणी घेत नसे. टेकडीवरच्या बाजारात एकमेकींच्या तोंडावर उघडणारी त्यांची दुकानं होती. एकीची पाटी हिरवी, दुसरीची नारंगी, आणि गावाला तेवढं पुरत होतं. दोन्हीकडे महिनाअखेरपर्यंत जुना फोन द्या, नवा घ्या अशी धामधूम चालली होती. लिनिया कांगस ही मुळातच तोलूनमापून जगणारी मुलगी. पास्टीच्या दुकानात ती नोकरीला होती. मांस, बटाटा आणि रुटाबेगा हा सलगमसारखा कंद भरलेली ती पास्टी म्हणजे आपल्या करंजीची थोरली, दणकट बहीणच. कणकेचा गोळा नुसता तळहातावर घेऊन लिनिया त्याचं वजन सांगायची. वयाची अठ्ठावीस वर्षं तिने आयुष्यातली प्रत्येक गोष्ट अशीच तळहातावर घेऊन पाहिली होती, आणि बहुतेक गोष्टी परत परातीत टाकल्या होत्या.

"मग काय ठरतंय?" त्याने विचारलं.

तिने खिशातून वही काढली. मधोमध रेघ मारलेली. "हिरवं दुकान माझ्या या फुटक्या फोनचे आठशे डॉलर देतं. पण एकदम नाही. छत्तीस महिने, दर महिन्याच्या बिलातून थोडे थोडे वजा. आणि मध्येच सोडून गेलं तर उरलेले गेले."

"आणि नारंगी?"

"अडीचशेच. पण लगेच हातात. वाटेल तेव्हा निघून जायची मुभा."

"मग नारंगी," तो सहज म्हणाला. "तीन वर्षं कोण बांधून घेतं हो? तीन वर्षं टिकतील असे मी बूटसुद्धा घेत नाही."

ते वाक्य तिला खुपलं. का खुपावं, याचं मात्र तेव्हा काही कारण नव्हतं.

त्याचं नाव रूबेन टोलोनेन. तो रस्त्यावरचा बर्फ सारणारा सरकारी ट्रक चालवतो, हे तिला कोपऱ्यावरच्या कॅफेत कॉफीच्या पहिल्या घोटाला कळलं. दुसऱ्या घोटाला तिने कप खाली ठेवला.

"क्विन्सी टेकडीचा रस्ता तुमच्याकडे?"

"चार वर्षं झाली."

"म्हणजे ते तुम्ही."

त्या भागात हिवाळ्यातलं खरं वैर एकच. ट्रक पहाटे येतो, रस्ता लख्ख करतो आणि जाता जाता प्रत्येक घराच्या गाडीवाटेच्या तोंडाशी बर्फाचा कंबरभर बांध घालून जातो. मग घरातल्या माणसाने फावडं घेऊन तो फोडायचा, आणि फोडताना ट्रकवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या. लिनियाने हे काम बारा वर्षांची असल्यापासून केलं होतं.

"पांढऱ्या गॅरेजचं घर," ती म्हणाली. "वळणावरचं."

रूबेनने कपाळाला हात लावला. "ते म्हातारबुवा? आपला बर्फ रस्त्यापलीकडे ढकलतात ते? मी दोनदा ताकिदीची चिठ्ठी लावलीय त्यांच्या टपालपेटीवर."

"ते माझे बाबा. चिठ्ठ्या त्यांनी जपून ठेवल्यात. पाहुण्यांना दाखवतात."

तो हसला. मग पुढे झुकून हळूच म्हणाला, "नियम म्हणजे नियम हो. दारापुढून जाताना ट्रकपुढचं पातं जरा उचलून तिरकं केलं की बांध पडत नाही, एवढंच. पण मी कुणासाठीच उचलत नाही. एकासाठी उचललं की सगळं गाव रांगेत उभं राहील. आईसाठीसुद्धा नाही उचलत."

हे तिला आवडलं. सगळ्यांना एकच माप लावणारा माणूस तिला नेहमीच आवडायचा.

खरं तर फोनचा निर्णय त्याच संध्याकाळी झाला असता. तो झाला नाही. ऑफर नीट समजून घ्यायची म्हणून ते पुढच्या गुरुवारी भेटले. त्याच्या पुढच्या गुरुवारी हिरव्या दुकानाने आकडा बदलला म्हणून भेटले, आणि मग आकडा बदलला नाही हे पाहायला भेटले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन यायचा. बोलायला विषय ऑफरचा... आणि ऑफर सोडून बाकी सगळ्याचा.

"तो नारंगीवाला तुझ्या फोनची काच पुसत होता म्हणे," एकदा तो म्हणाला.

"कोण, ट्रेव्हर? पुसली. स्वतःच्या रुमालाने."

"अस्सं."

"म्हणाला, एवढा फुटलेला फोन इतक्या प्रेमाने वापरणारी मुलगी त्याने पाहिली नाही."

मग रूबेन म्हणाला, "मी काय म्हणतो, हिरवंच बरं. दुकानदार बाई आहे, आणि साठीची आहे."

लिनिया त्या रात्री उशीत तोंड खुपसून हसली. आपल्यावरून कुणाचा तरी जळफळाट होतोय, ही भावना तिला नवी होती. आणि गोड होती. तिची दुसरी बाजू किती कडू असते हे कळायला अजून पाच दिवस होते.

हिरव्या दुकानातल्या ग्वेनबाईंनी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी दोघांना समोर बसवलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि सगळ्या गावाचं ठाऊक.

"पोरांनो, एक महिना माझ्या खुर्च्या झिजवताय. आता ऐका. दोघांनी वेगवेगळं घेण्यात राम नाही. एका खात्यावर दोन लाइन घ्या. दोन्ही जुन्या फोनना पूर्ण भाव, वर महिन्याचं बिल निम्मं."

"पण आम्ही..." लिनिया म्हणाली.

"आम्ही अजून..." रूबेन म्हणाला.

"त्याला लग्न लागत नाही. खातं लागतं." ग्वेनबाईंनी दोघांकडे चष्म्यावरून आळीपाळीने पाहिलं. "आणि तसं पाहिलं तर माझ्याकडे लग्नं मोडलेली पुष्कळ येतात, पण खाती तशीच चालू असतात."

लिनियाचे कान तापले. तिने बाजूला पाहिलं तर रूबेन तिच्याकडेच बघत होता — विचारल्यासारखा. तिने मान हलवली. अगदी थोडी, पण हलवली.

"माझी लाइन बाबांच्या खात्यावर आहे," तिने कबूल केलं.

"अठ्ठावीस वर्षांची बाई, अजून बाबांच्या खात्यावर?" रूबेनने चिडवलं.

"बोलू नका कुणी," ग्वेनबाई म्हणाल्या. "अर्धं गाव कुणाच्या ना कुणाच्या खात्यावर असतं. मालकाने तिकडून हो म्हटलं की झालं. तुझा नंबर सांग रे." त्यांनी आकडे दाबले. पडदा वाचला. चष्मा वर केला, परत वाचला. मग उगाचच खोकल्या.

"काय झालं?" लिनियाने विचारलं.

"याचीही लाइन याच्या नावावर नाही. खात्याची मालकीण... शॉना डुप्वी."

दुकानात कुठेतरी एक फोन नमुन्याची धून वाजवत होता. तो वाजतच राहिला.

"शॉना कोण?" लिनिया म्हणाली.

"माझी... आधीची."

"किती आधीची?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं झाली सोडून आणि फोन तिच्याच खात्यावर?"

"स्वस्त पडतं," तो म्हणाला. त्याचं त्यालाच ते पटलेलं दिसलं नाही. "आणि मग... राहूनच गेलं. करतो मी. सांगतो तिला कधीतरी."

त्या 'कधीतरी'ने घात केला. सहा महिने म्हणाला असता तर तिने वहीत लिहून घेतलं असतं. 'कधीतरी'चं वजन कसं करणार?

आणि मग तिच्या मनात दुसरंच आलं. खातं शॉनाचं, म्हणजे हिशेबाचा कागदही शॉनाचा. रोज संध्याकाळी सात वाजता तो जो नंबर लावत होता, तो नंबर तिकडे उमटत होता. तिचा नंबर. तिची मिनिटं. तिचं ते उशीतलं हसूसुद्धा कुणीतरी दुसरी बाई दर महिन्याला उघडून वाचत होती.

"मला पास्ट्या भाजायच्यात," असं काहीतरी म्हणून ती उठली. मंगळवारी दुकान बंद असतं हे रूबेनला माहीत होतं. त्याने ते बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी सातला फोन वाजला. तिने उचलला नाही. उचलला तर मिनिटं पडतील, आणि कुठे पडतील ते आता ठाऊक होतं. भांडायचं तरी कसं? कडाकडा भांडावं म्हटलं तर तेही शॉनाच्या बिलावर.

बुधवारी पहाटे फूटभर बर्फ पडला. सकाळी घरपोच पास्ट्या द्यायची पाळी लिनियाची. यादीतलं चौथं नाव तिने दोनदा वाचलं. डुप्वी, चार पास्ट्या, हिल स्ट्रीट, निळं दार.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक फावडी घेऊन बांध फोडत होते. एक आजीबाई कंबरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत होत्या. आणि मधोमध ते निळ्या दाराचं घर. त्याच्या गाडीवाटेच्या तोंडाशी काही नव्हतं. ढेकूळसुद्धा नव्हतं. उजवीकडे कंबरभर, डावीकडे कंबरभर, आणि तिथे सारवल्यासारखं स्वच्छ.

लिनियाने गाडी थांबवली. हिल स्ट्रीट कुणाच्या ट्रककडे येते हे तिला त्यानेच सांगितलं होतं, क्विन्सीच्या रस्त्यानंतर लगेच. आईसाठीसुद्धा उचलत नाही म्हणाला होता. आईसाठी नाही. हिच्यासाठी उचलतो.

दार उघडलं ते शॉनानेच. देखणी असेल अशी लिनियाने मनाची तयारी केली होती. पण ती देखणी असून वर चांगलीही निघाली, हे फारच झालं.

"अगं, या बर्फात आलीस? ये ना आत, हात शेकून घे."

"नको. गाडी चालू आहे."

"घराशी यायला त्रास नाही ना झाला?"

"नाही," लिनिया म्हणाली. "तुमच्याकडे बांधच नाही."

शॉना किंचित लाजली. "हो. नशीब माझं."

त्या लाजण्याने लिनियाच्या मनात जी आग पेटली ती दिवसभर भट्टीसमोर उभं राहूनही तिला वेगळी ओळखता येत होती. त्या दिवशीच्या पास्ट्यांत रुटाबेगा दुप्पट पडला. लोकांनी निमूटपणे खाल्ला, कारण तिचं तोंड बघून कुणाची विचारायची छाती झाली नाही. तिला शॉनाचे केस आठवत होते, दाराचा निळा रंग आठवत होता, आणि सगळ्यात जास्त तो स्वच्छ सहा पावलांचा तुकडा. फुलं दिली असती तर ती सुकली तरी असती. हा माणूस दोन वर्षं, प्रत्येक बर्फाला, पहाटे, कुणी बघत नसताना पातं उचलत होता. याहून जास्त प्रेम कुणी कुणावर करतं का?

शुक्रवारी तो दुकानात आला. रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा मागे चार माणसं होती.

"एक पास्टी," तो म्हणाला. "लिनिया, फोन का उचलत नाहीस?"

"केचप की ग्रेव्ही?"

"केचप. ऐक ना..."

"तू म्हणालास, कुणासाठीच पातं उचलत नाहीस."

त्याचा चेहरा उतरला. एवढं पुरेसं होतं, पण जळणाऱ्या माणसाला पुरेसं कधी पुरत नाही.

"हिल स्ट्रीट," ती म्हणाली. "निळं दार."

"ते वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे कसं?"

"म्हणजे... सवय आहे ती."

"सवय. माझ्या बाबांना बासष्टाव्या वर्षी बांध फोडायची सवय आहे. तिला बांध नसायची सवय आहे. आणि तुला?" तिने पास्टी गुंडाळून त्याच्यापुढे सरकवली. "मला हेवा वाटतोय रूबेन. सरळ सांगते. तिच्या केसांचा नाही, तिच्या दाराचा. माझ्या दारापुढे कुणी कधी असं पातं उचललं नाही."

मागच्या माणसाने टोपी काढून हातात घेतली.

"उद्या पाच वाजता हिरव्याची ऑफर संपते," लिनिया म्हणाली. "माझीही संपते, असं समज. पुढचं गिऱ्हाईक."

शनिवारी चार वाजता ती नारंगी दुकानात बसली होती. अडीचशे डॉलर, लगेच हातात, वाटेल तेव्हा निघून जायची मुभा. ट्रेव्हरने फोन पुसून, उलटसुलट करून पाहिला.

"छान निर्णय," तो म्हणाला. "उगाच कुणाशी तीन वर्षं बांधून घेण्यात काय अर्थ आहे? इथे सही."

तिने पेन घेतलं. हे वाक्य तिने आधी ऐकलं होतं, आणि तेव्हाही खुपलं होतं. ती उगाचच काचेबाहेर बघत राहिली. समोरच्या पार्किंगमध्ये एक ओळखीची गाडी येऊन थांबली. रूबेन उतरला. दुसऱ्या बाजूने शॉना उतरली. त्याने तिच्यासाठी हिरव्या दुकानाचं दार धरलं.

पुढचं लिनियाला नीट आठवत नाही. पेन तिच्याच हातात राहिलं, फोन तिने ट्रेव्हरच्या रुमालातून खेचून घेतला आणि कोटाची चेनही न लावता ती पार्किंग ओलांडून गेली. हिरव्या दुकानाचं दार तिने असं उघडलं की वरची घंटा निखळली.

"दोघांची एकत्र लाइन घेताय वाटतं?" ती म्हणाली. "चांगली ऑफर आहे. वर बिलही निम्मं."

ग्वेनबाई काहीतरी बोलणार होत्या, पण आधी शॉना बोलली. "पास्टीवाली," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तू लिनिया."

"हो."

"मी सोडवायला आलेय याला. खात्यावरून. काल संध्याकाळी दारात आला, टोपी काढली आणि म्हणाला, शॉना, मला मोकळं कर. इतका गंभीर की मला वाटलं कुणी गेलं."

लिनियाने रूबेनकडे पाहिलं. तो कान लाल करून उभा होता.

"मला कळेना," शॉना पुढे म्हणाली, "की हा असं का म्हणतोय. मोकळा तर मीच याला करत नव्हते, याची कीव येऊन. दोन वर्षं रोज पहाटे माझ्या दारापुढचा बर्फ उचलतोय. म्हटलं, बिचारा अजून आशेवर आहे. असल्या माणसाचा फोन कसा तोडायचा?"

"आणि मी उचलत होतो," रूबेन म्हणाला, "कारण तू कधी खात्यावरून काढलं नाहीस. वाटलं, तुलाच मी परत यायला हवा आहे. परत यायचं नव्हतं मला. मग निदान बर्फ तरी..."

ग्वेनबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही दोघं एकमेकांवर दया करत होतात?"

शॉना आधी हसली. मग हसता हसता थांबली. "खरं सांगू का? थोडं वाईट वाटलं काल. कुणीतरी आपल्यासाठी झुरतंय म्हटलं की हिवाळा बरा जातो." तिने पर्स उगाचच उघडली आणि मिटली. "आणि तुझा नंबर पाठ झालाय मला. रोज संध्याकाळी सात. त्रेपन्न मिनिटं, एकसष्ट मिनिटं, एकदा तर दोन तास. बघायचं नाही असं ठरवायचे आणि बघायचे. माझ्याशी हा कधी नऊ मिनिटांच्या वर बोलला नाही."

चार दिवस जिच्यावर जळून ती राख झाली होती, ती बाई महिनाभर तिच्यावर जळत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या बघण्यात मैत्री नव्हती, पण ओळख होती.

शॉनाने फोन काढून कुठेतरी बोट टेकवलं. "झालं. सोडला." रूबेनच्या दंडावर तिने हलकी चापट मारली आणि जाता जाता निखळलेली घंटा टेबलावर ठेवून ती बाहेर पडली.

"चार वाजून चाळीस," ग्वेनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते, पण धंदा म्हणजे धंदा. "आणि आता तुझे बाबा."

लिनियाने बाबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुणाच्या खात्यावर चाललीस?"

"रूबेन टोलोनेन."

"तो बर्फवाला? चिठ्ठीवाला?"

"तोच."

पलीकडे फावडं कोपऱ्यात ठेवल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "बटण कुठलं ते सांग." ते दाबून झाल्यावर म्हणाले, "रविवारी जेवायला घेऊन ये. त्याला म्हणावं, फावडं मी देईन."

ग्वेनबाईंनी कागद पुढे सरकवला. "छत्तीस महिने. मध्येच सोडलं तर उरलेली सूट बुडाली. दोघांनाही कळलंय ना?"

"मला कळलंय," रूबेन म्हणाला. मग लिनियाकडे वळला. "तुला कळलंय का... म्हणजे मी काय म्हणतोय ते? मी तीन वर्षांचे बूट घेत नाही. पण हे घेतो. ऑफरसाठी नाही. मला तू हवी आहेस लिनिया. प्रेम आहे माझं. काखेत ठेवा म्हटलं ना, तेव्हापासून."

तिने त्याचा हात आपल्या तळहातावर घेतला. जड होता, गरम होता. असल्या गोष्टी आजवर तिने पुष्कळ तोलल्या होत्या आणि परत परातीत टाकल्या होत्या. हा तिने ठेवून घेतला.

"प्रेम आहे," ती म्हणाली. "माझंही. पण हेवासुद्धा आहे, तो एकदम जायचा नाही."

"चालेल."

सही तिने नारंगी दुकानाच्या पेनाने केली.

सोमवारी पुन्हा फूटभर बर्फ पडला. सकाळी लिनिया बाहेर आली तेव्हा बाबा फावडं घेऊन गाडीवाटेच्या तोंडाशी उभे होते. नुसतेच उभे. त्यांच्यापुढे सहा पावलं स्वच्छ काळा रस्ता होता आणि शेजाऱ्यांकडे कंबरभर बांध.

"याचं काय करू आता?" त्यांनी हातातल्या फावड्याकडे पाहत विचारलं.

लिनियाने नवा फोन कोटाच्या आतून, काखेतून काढला. रूबेनने पहिल्याच घंटेला उचलला.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं," ती म्हणाली. "आणि हिल स्ट्रीटला?"

"हिल स्ट्रीटला काय?"

"निळं दार, रूबेन."

"पूर्ण बांध घालायला हात धजेना गं. एकदम कसं... पातं अर्धं उचललं. गुडघ्याएवढा राहिला असेल."

बाबा फावड्यावर रेलून ऐकत होते. अर्ध्याचं वजन तिने नीट केलं, दोनदा केलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पुढच्या बर्फाला पाव."